रस्त्याकडं तोंड केलेली घरं

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. लोहाऱ्याच्या मेहबूब अत्तारच्या घराला रस्त्याच्या बाजूनं खिडक्या मी काढल्या. तो नको नको म्हणत असताना काढल्या. महायुद्धाचे दिवस होते, लोखंड मिळत नव्हतं, म्हणून त्या खिडक्यांना गजही नव्हते. "गज मागाहून बसव," असं मी सांगितलं आणि सोलापूरला निघून आलो. ते गज कधीच बसले नाहीत. पुढं निजामावर झालेल्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत पेठेत जमाव शिरला, ते घर फुटलं, आणि मेहबूबचा धाकटा भाऊ रहीम गेला. ही बातमी सोलापुरात माझ्या कानावर आली तेव्हापासून डोळे मिटले की मला त्या बिनगजाच्या खिडक्या दिसत.

त्यानंतर सव्वा वर्षानं, या पौषात, मी लोहाऱ्याला जाऊन आलो. त्या प्रवासाची ही हकीकत. लोहारा म्हणजे कुणी मुद्दाम बघायला जावं असं गाव नव्हे. पण मी घरांचे नकाशे काढणारा माणूस आहे. दोन राज्यं शेजारी शेजारी असली आणि त्यातलं एक एकाएकी संपलं, की दोन्हीकडच्या भिंतींचं काय होतं, ते या वाटेवर मला दिसलं. ते लिहून ठेवावंसं वाटलं.

सोलापूर ते नळदुर्ग

मी जन्मानं लोहाऱ्याचाच. मेहबूब आणि मी चौथीपर्यंत एकाच तरटावर बसलो. शाळा निजाम सरकारची, म्हणून शिक्षण उर्दूत. घरी मराठी, शाळेत उर्दू, मेहबूबच्या घरी दखनी, आणि त्याच्या शेजारच्या शिवम्माच्या घरी अर्धं कानडी. आम्हाला त्यात काही विशेष वाटत नसे. पुढं मामांनी मला सोलापूरला नेलं आणि नकाशे काढायच्या कामाला लावलं.

त्या काळी मोगलाईतून, म्हणजे निजामाच्या राज्यातून, इंग्रजी मुलखात गेलं की खरोखर परदेशी गेल्यासारखं वाटायचं. नाणं बदलायचं, टपालाचं तिकीट बदलायचं, पोलिसाची टोपी बदलायची. पण मला पहिल्यांदा डोळ्यांत भरली ती घरं. सोलापुरात गिरणीतला साधा जॉबरसुद्धा दोन पैसे गाठीला लागले की रस्त्याकडं गॅलरी काढायचा, घराच्या कपाळावर चुन्यात आपलं नाव कोरायचा आणि संध्याकाळी बनियनवर तिथं उभा राहायचा. आमच्या मोगलाईत चांगल्या खात्यापित्या घराची खूण उलटी होती. रस्त्याला काळ्या दगडाची उंच, मुकी भिंत. त्यात एकच दार, तेही वाकून जावं लागेल असं. आत अंधारी ढाळज, तिथं आल्यागेल्यानं बसायचं. त्याच्या आत चौक, आणि घराची सगळी दारं, सगळ्या खिडक्या, सगळं हसणं-भांडणं त्या चौकाकडं तोंड करून. वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात आम्ही पोरं त्या माळवदावर झोपायचो आणि माळवदामाळवदांवरून निम्मं गाव ओलांडायचो.

मेहबूबचे वडील म्हणायचे, "भिंतीला खिडकी पाडली की घरातलं रांजण किती भरलंय ते जहागीरदाराच्या शिपायाला कळतं." मला तो मागासपणा वाटायचा. सोलापूरची हवा लागली होती ना!

या खेपेला मी मोटारीनं निघालो. मोटार अजून कोळशाच्या गॅसवर चालणारी. तिच्या पाठीला ती उभी टाकी, आणि क्लीनर तिच्यात पंखा फिरवून विस्तव फुलवणार. चढ आला की "उतरा, उतरा" अशी हाळी. एका चढावर आम्ही सगळे ढकलत होतो. माझ्याशेजारी एक म्हातारबाबा काखेत कोंबडी घेऊन एका हातानं रेटत होते.

क्लीनर ओरडला, "बाबा, दोन हातानं लावा की जोर!"

"आन् हिला कोण धरंल? तिकीट काढलंय व्हय हिचं?"

"मग तिलाबी खाली सोडा, ढकलू द्या!"

मोटार एकदम सुरू झाली आणि टाकीतली सगळी काजळी माझ्या धुवट सदऱ्यावर आली. मित्राकडं इतक्या दिवसांनी जाताना मी मुद्दाम इस्त्रीचा सदरा घातला होता. तो असा काळा झाला.

हद्दीवर पूर्वी करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका होता. मामांच्या ट्रंकेतली नवी धोतरं तिथं उलगडून बघत. टोकदार कमानींची, पिवळ्या चुन्याची, दिसायला सुंदर इमारत. आता तिच्या एका खोलीत कसलंसं सरकारी काम अजून चालू होतं, आणि दुसरीत चहाचं हॉटेल निघालं होतं. हॉटेलवाल्यानं कमानीचा टोकदार भाग पत्र्यानं झाकून दार चौकोनी करून घेतलं होतं. मी विचारलं, "कमान काय वाईट होती?"

"वाईट न्हाय हो मालक. पर लोक म्हणले, निजामाची हाय."

नळदुर्गला किल्ल्याच्या तटाखाली मोटार थांबली. एका बाईनं पाटीतून आणलेली गरम भाकरी आणि शेंगांची चटणी आम्ही उभ्याउभ्या खाल्ली. तटाचे दगड कोणत्या राज्याचे ते कुणी विचारत नव्हतं. खूप जुनं झालं की इमारत कुणाचीच राहत नाही, म्हणून वाचत असावी.

उमरगा

उमरग्याला मी मल्लप्पा सेठच्या घरी उतरलो. सेठचा करडई-शेंगांचा व्यापार. मोटारीच्या रस्त्यावरच घर, आणि घराला नवी कोरी सिमेंटची गॅलरी. कठड्यावर मधोमध उगवता सूर्य, दोन्ही बाजूंना कमळं. सेठनी मला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः कठड्यावर कोपर टेकून उभे राहिले.

"बघा, कशी झालीया गॅलरी! आमच्या बापाचं दार असं हुतं की पाव्हणा आला की आधी त्याचं डोस्कं दिसायचं. आता मी हितं बसून चहा पितो, सगळा रस्ता मला रामराम घालतो."

"आणि वहिनी बसतात का इथं?"

आतून वहिनींनीच उत्तर दिलं. "म्या न्हाय बसत बाई. लोकांनी बघायला मी काय दुकानातली बरणी हाय? आमचा आपला चौक बरा."

"तिचं काय ऐकताव," सेठ हसले. "रझाकाराच्या टायमाला दिवा लावायची चोरी हुती. तवा ह्याच घरात आमी तोंडात पदर कोंबून बसलोय. आता बसू द्या की उघड्यावर!"

त्यांचं खोटं नव्हतं. रझाकारांनी माझ्या चुलतभावाच्या कडब्याच्या गंजी जाळल्या होत्या. तो बायकापोरांसह वर्षभर माझ्याकडं सोलापुरात राहिला. भिणं म्हणजे काय, ते मी त्याच्या पोरांच्या झोपेत पाहिलं आहे. अशा माणसानं भीती गेल्यावर पहिल्यांदा भिंत फोडावी आणि हवा आत घ्यावी, यात नवल नाही.

पण समोरच्या ओळीत एका शिंप्याचं घर होतं. मुसलमानाचं. त्याच्या भिंतीत दोन ठिकाणी मातीचा रंग वेगळा होता. खिडक्या बुजवल्याच्या खुणा माझ्या डोळ्यांतून सुटत नाहीत. मी बघतोय असं पाहून सेठ आवाज उतरवून म्हणाले, "आमी काढल्या तवाच त्यांनी बुजवल्या. हितला गवंडी एकच. सकाळी आमच्याकडं फोडायला, दुपारी तिकडं बुजवायला."

आणि मग म्हणाले, "बुजवू नका म्हणावं असं लई वाटलं. पर कोणत्या तोंडानं म्हणावं?"

संध्याकाळी मी गावात हिंडलो. कचेरीवरची उर्दू पाटी चुन्यानं पुसून वर मराठी अक्षरं रंगवली होती, पण गेल्या पावसाळ्यात चुना धुपून खालचा काळा रंग वर आला होता. मी उभ्याउभ्या दोन्ही वाचलं. मास्तरांनी छडी मारून शिकवलेली ती अक्षरं मला अजून येतात, याचा आनंद झाला. तो कुणाला सांगावा, ते मात्र कळेना. नव्यानं बांधलेल्या प्रत्येक दुकानाला गॅलरी होती. माळवदं जाऊन पत्रे येत होते. माळवदावरून आता निम्मं गाव कुणाला ओलांडता येणार नाही.

लोहारा

दुसऱ्या दिवशी सकाळी छकड्यात बसलो. थंडी मरणाची, पण दोन्ही बाजूंना करडई पिवळीधम्मक फुललेली. वाटेत एका शेतात हुरडा भाजत होते. गाडीवानानं न विचारताच बैल सोडले. शेतकऱ्यानं राखेतून कणसं काढून तळहातावर चोळून माझ्या ओंजळीत घातली. कुठं जायचं विचारलं. मी म्हणालो, "अत्ताराकडं."

"मेहबूबभाईकडं? मग त्यास्नी हेबी न्या," असं म्हणून त्यानं धोतराच्या सोग्यातून गरम हुरडा माझ्या रुमालात बांधला. "त्येंच्याकडची हळद आल्याबिगर आमच्यात लगीन लागत न्हाय."

अत्ताराच्या दुकानाचा वास मला वेशीच्या आधीच आठवला. हळद, कुंकू, वाळा, सुंठ आणि खसाचं अत्तर. गावातल्या सवाष्णींचं कुंकू पिढ्यान्पिढ्या याच दुकानातून जायचं. लहानपणी मेहबूब आणि रहीम कुंकवाच्या पोत्यात हात घालायचे आणि एकमेकांच्या गालाला लावून पळायचे. रहीम आमच्याहून खूप लहान. मेहबूबच्या खांद्यावर बसूनच तो वाढला.

घर दिसलं. पेठेकडच्या माझ्या दोन्ही खिडक्या दगडमातीनं बुजवलेल्या होत्या. मी त्यांना रंगीत काचा घालायला लावल्या होत्या, सोलापूरसारख्या. एका कोपऱ्यात हिरव्या काचेचा तुकडा चौकटीत तसाच अडकून होता. मी रस्त्यात उभा राहिलो. काय बोलायचं ते मी सोलापूरपासून जुळवत आलो होतो. त्यातलं एक वाक्य जागेवर राहिलं नाही.

दार उघडलं ते मेहबूबनं. दाढी पांढरी झालेली.

"आलास व्हय?" तो म्हणाला. माझ्या सदऱ्याकडं बघितलं. "हे काय रे, कोळशाच्या खाणीतनं आलास का काय? चल, पाय धू."

जैनबभाभींनी पाणी दिलं. "कित्ते दिनां के बाद आए दिनूभाई," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. थोड्या वेळानं खिचडी आणि चिंचेचं खट्टं आलं. या घरी मी आलो की हेच असायचं.

मी ताट बाजूला सारलं आणि म्हणालो, "मेहबूब, त्या खिडक्या मी काढल्या. तू नको म्हणत होतास. तुझे वडील नको म्हणत होते. गजसुद्धा नव्हते. मी तुझं घर उघडं टाकलं. रहीम माझ्यामुळं गेला."

मग त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अपेक्षित नव्हतं. तो वैतागला होता.

"कुणी सांगितलं तुला असं?"

"कुणी नाही. मलाच..."

"आरं यड्या, ते लोक खिडकीतनं आलेच न्हाईत. दार फोडून आले. रहीम तर दुकानात हुता, फळ्या लावाय गेल्ता, तितंच गेला. तो घरात नव्हताच." तो उठला. "ये. तुझी तिसरी खिडकी दावतो."

बोळाच्या बाजूला मी एक खिडकी काढली होती. वारा आरपार जावा म्हणून. मी ती विसरूनही गेलो होतो. ती उघडी होती, आणि पलीकडं हात लांब केला तर शिवम्माच्या घराची भिंत लागत होती. आमचा आवाज ऐकून शिवम्मा तिच्या दारात आली. आता सत्तरीला टेकलेली, पण आवाज तोच.

"यारु? दिन्या का रे तू? बा, बा, ये. हितनंच काढलं की समद्यास्नी! पैली पोरं, मग जैनब. आन् ह्या मेहबूबची अम्मी बसली अडकून! मी हिकडनं वढतीया, जैनब तिकडनं ढकलतीया, आन् म्हातारी म्हणती, माझी चप्पल ऱ्हायली! म्हणलं, चप्पल घालून कुठं जत्रेला निघालीस अक्का? सा दिस समद्यास्नी माझ्या धान्याच्या कोठीत ठिवलं हुतं."

मेहबूब हसला. मलाही हसू आलं, आणि लगेच त्याची लाज वाटली.

"बाच्या मनासारखं बांधलं असतं," मेहबूब म्हणाला, "तर एकच दार. मग कुठनं गेले असते सगळे? गज न्हवते म्हणून बरं झालं. म्हणून ही ठिवली. पेठेकडच्या बुजवल्या, कारण जैनबला आता रस्त्याचा आवाज सोसत न्हाय. त्यात तुझा काय संबंध?"

सव्वा वर्ष छातीवर बाळगलेलं ओझं कुणीतरी उचलून बाजूला ठेवावं तसं झालं. मला हलकं वाटायला हवं होतं. पण मेहबूब माझ्याकडं अजून तसाच बघत होता.

"म्हणजे ह्याच्यापायी तू आला न्हाईस?"

"तुझ्यासमोर उभं राहायचं धाडस झालं नाही."

"तू इंजिनेर माणूस. तुला भिताडंच दिसायची." तो खाली बसला. "दिन्या, तू आखाडात उमरग्याला आल्तास. मल्लप्पा सेठच्या गॅलरीसाठी. मला कळलं. जैनब म्हणली, आता दिनूभाई येणार. दोन दिवस तिनं चिंच भिजत घातली. तिसऱ्या दिवशी कळलं, तू सोलापूरच्या मोटारीत बसून गेलास."

वर उमरग्याचं लिहिताना मी हे गाळलं. ती गॅलरी माझी आहे. तो सूर्य आणि ती कमळं माझ्या हातची आहेत. आखाडात मी उमरग्याला जाऊन, काम करून, मोटारीच्या अड्ड्यावर उभा राहिलो होतो. लोहाऱ्याचा छकडा समोर होता. गाडीवानानं विचारलंसुद्धा, "येताव का?" मी नाही म्हणून मान हलवली. स्वतःला सांगितलं की खिडक्यांच्या शरमेनं जाववत नाही. ते पुरतं खरं नव्हतं. घरी चुलतभावाचं कुटुंब होतं. त्यांच्यासमोर एका अत्ताराच्या दुखवट्याला जाऊन आलो असं सांगायला मला जड जात होतं. सोलापुरात त्या दिवसांत असं कुणी सांगत नसे. मग मी खिडक्यांचा गुन्हा पत्करला. तो कागदावरचा होता, आणि कागदावरची चूक मला सोसायला सोपी जाते.

हे सगळं मी मेहबूबला त्याच शब्दांत सांगितलं.

"तुझ्या चुलतभावाच्या गंजी जाळल्या ते मला ठाव हाय," तो शेवटी म्हणाला. "त्यानं न्हाय यावं, हे मला पटतंय. तू चौथीपर्यंत माझ्या तरटावर बसलेला. तू दारात यून नुसता बसला असतास तरी बास हुतं. आपल्यात मयताच्या घरी काय बोलावं लागतं का? बसावं लागतं."

मी त्याचे हात धरायला गेलो. त्यानं ते धरू दिले, पण मान हलवली.

"माझ्यापाशी काय सांगतोस. अम्मी चौकात हाय. पोरगं तिचं गेलंय."

चौकात उन्हाची एक पट्टी होती. तिथं अम्मी सुपात हळकुंडं घेऊन बसल्या होत्या. किडकी एका बाजूला, चांगली एका बाजूला. मी गेलो आणि त्यांच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसलो. त्यांनी वर पाहिलं, मला ओळखलं, आणि पुन्हा सुपाकडं पाहिलं. हात थांबले नाहीत. मीही काही बोललो नाही. ऊन फरशीवरून सरकून भिंतीला लागेपर्यंत मी तसाच बसून राहिलो. जैनबभाभी मधे येऊन पाण्याचा तांब्या ठेवून गेल्या.

मग अम्मींनी सूप खाली ठेवलं. "आता बोल," त्या म्हणाल्या.

"अम्मी," मी म्हणालो, "आपला रहीम गेला आणि मी आलो नाही. उमरग्यापर्यंत आलो होतो. तिथून परत गेलो. लोक काय म्हणतील या भयानं गेलो. तुमच्याजवळ येऊन बसायला हवं होतं, ते बसलो नाही. मला माफ करा."